रासमाने बेलेमची सही

आमच्या वाहिगुया गावात घाबरट कारकून पुष्कळ होऊन गेले, पण रासमाने बेलेमची भीती काल-परवाची नव्हती. ती त्याला बापाकडून मिळाली होती. फ्रेंच गोऱ्यांच्या अमलात एकदा साहेबाने त्यांच्या खेड्याकडे बारा माणसं मागितली, दक्षिणेला समुद्राकडच्या जंगलात रेल्वेच्या कामासाठी. मुखियाच्या कारकुनाने बारा नावं लिहिली. त्यातला एक रातोरात पळाला, तेव्हा साहेबाने झाडाखाली टोपली विणत बसलेल्या एका माणसाकडे बोट दाखवलं आणि कारकुनाने पळालेल्याच्या नावावर काट मारून खाली याचं नाव लिहिलं. तो रासमानेचा बाप. चार वर्षांनी परत आला तेव्हा त्याला पाठ सरळ करता येत नव्हती, आणि पुढच्या हिवाळ्यात खोकता खोकता गेला. रासमाने तेव्हा सात वर्षांचा होता. त्याची आई शेजारणींना सांगायची, "आमच्या माणसाला ना तापाने नेलं, ना सापाने. कागदाने नेलं."

पोराने त्यातून भलताच धडा घेतला. जो यादी लिहितो त्याचं नाव यादीत नसतं, असं त्याने मनाशी ठरवलं आणि तो शाळेत गेला. अक्षर मोत्यासारखं वळणदार काढलं, फ्रेंच शिकला, परीक्षा दिल्या, आणि पंचविशीत सरकारी कारकून झाला. हातात लेखणी आली, पण भीती काही गेली नाही. टपालात लांबट पाकीट दिसलं की तो ते ढिगाच्या तळाशी सारायचा. वरिष्ठांनी नुसतं नावाने हाक मारली तरी त्याच्या तोंडचं पाणी पळायचं. वाण्याकडच्या चिठ्ठीवरसुद्धा तो स्वतःचं नाव लिहीत नसे, बायकोचं लिहायचा.

माली देशाकडून येणारा रस्ता आमच्या गावात शिरतो तिथे त्या काळी जकातीची एक लहानशी कचेरी होती. दोन खोल्या, मागे कोठार, पुढे कडुनिंब. समोरासमोर दोन टेबलं. एकावर रासमाने, दुसऱ्यावर लाझार तोए. रासमाने मोसी जमातीचा आणि लाझार सामो जमातीचा, म्हणजे सकाळी कचेरी कशी उघडत असेल हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

"आलास का रे गुलामा? दोर कुणी सोडला तुझा?" लाझार दारातूनच ओरडायचा. माणूस धिप्पाड, आवाज त्याहून मोठा.

"माझ्या आजाने तुझ्या आजाला एका फाटक्या टोपीच्या बदल्यात घेतलं होतं," रासमाने मान वर न करता म्हणायचा. "टोपी अजून असेल तुझ्या घरी. ती परत आण आणि मोकळा हो."

"गाढवाचं मटण खाऊन अक्कल अशीच होते."

"आणि तू कुत्र्याचं डोकं खाऊन आलायस. तोंड तिकडे कर."

मोसी आणि सामो यांच्यात हे वाडवडिलांपासून चालत आलं आहे. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, सात पिढ्यांचा उद्धार करायचा, आणि कुणी कुणाचा राग धरायचा नाही. राग धरला तर लाज राग धरणाऱ्याची. सामोने हुकूम सोडायचा आणि मोसीने तो मोडायचा, किंवा उलट. या नात्यात रक्त सांडत नाही, खोटी साक्ष होत नाही, आणि मागितलेली वस्तू नाकारता येत नाही. भांडण विकोपाला गेलं की मोसीला शांत करायला सामोलाच बोलावतात, कारण त्याच्यापुढे संतापून उभं राहताच येत नाही.

दिवसाच्या चोवीस तासांत रासमानेला भीती वाटत नसे ती एवढीच वेळ. लाझारने शिव्या घातल्या की त्याच्या छातीवरचा दगड सरकायचा. घरी मुलं होती, म्हातारी आई होती, बायको होती, सगळे त्याला मानाने वागवत, आणि मानाने वागवलं की त्याला उगाच वाटे की आता काहीतरी मागतील किंवा सांगतील. लाझार कधी मान देत नसे. अकरा वर्षं दोघं असे समोरासमोर बसले, आणि अकरा वर्षांत रासमानेने लाझारचा एक हुकूम ऐकला नाही. "खिडकी लाव" म्हटलं की हा दार उघडायचा.

मग क्रांती आली. देशाचं नाव बदललं, गाणं बदललं, सरकारी पत्रांच्या शेवटी "मायदेश नाहीतर मरण" असं लिहायची पद्धत पडली. ते लिहिताना रासमानेचा हात दर वेळी शेवटच्या शब्दाशी अडखळायचा. नव्या सरकारचं म्हणणं सरळ होतं. दुसऱ्याच्या ताटातलं खाणारा दुसऱ्याचंच ऐकतो, तेव्हा आपण आपल्या जमिनीत पिकेल ते खाऊ आणि आपल्या कापसाचं विणू ते नेसू. खोटं कशाला बोला, ते ऐकून आमच्या छात्या फुगायच्या. तोवर आमचा कापूस कच्चा बाहेर जायचा आणि रंगीत होऊन दहापट भावाने परत यायचा, आणि आम्ही त्याचे आभार मानून तो नेसायचो.

फतवा निघाला की सरकारी नोकरांनी कचेरीत हातमागाचंच कापड घालायचं. रासमानेची बायको अझेता लग्नाआधीपासून सूत काततच होती. ती बायकांच्या मागावर विणायला शिकली आणि वर्षभरात तिच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला गिऱ्हाईक पुरेना. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या गाठीला स्वतःचे पैसे आले. तिने नवऱ्याला दोन अंगरखे शिवून दिले आणि लाझारला एक. लाझारने तो अंगावर चढवला, आरशात पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, गुलामाच्या बायकोच्या मानाने बरं विणता."

"सामोच्या अंगावर गेलं की पोतंच दिसतं ते," अझेता म्हणाली. "माझा काय दोष?"

त्याच सुमारास फरसबीचं प्रकरण झालं. तळ्याकाठच्या शेतकऱ्यांनी परदेशी पाठवायला फरसबी लावली होती, आणि ती नेणारं विमान वेळेवर मिळेना. माल सडायला लागला. तेव्हा हुकूम आला की आपली फरसबी आपणच खाऊ. नोकरदारांना पोत्यांनी वाटली आणि किंमत पगारातून कापून घेतली. महिनाभर घराघरांत साग्बोबरोबर, म्हणजे बाजरीच्या गोळ्याबरोबर, फरसबी, फरसबीबरोबर फरसबी. लाझार म्हणाला, "ही गोऱ्यांसाठी पिकवलेली आहे, गुलामा, काट्याचमच्याने खा. हाताने खाल्लीस तर लागायची नाही." आम्ही हसलो आणि खाल्ली. शेतकऱ्यांच्या हातात पैसे पडले, हेही खरं.

पण दुपारी एकच्या बातम्यांना कुणी हसत नसे. देश स्वतःच्या पायावर उभा करायचा तर सरकारी खात्यांतली कीड निघाली पाहिजे, असं रेडिओ सांगायचा आणि मग नावं वाचायचा. मास्तर, नर्स, कारकून, मोजणीदार. नाव, खातं, गाव, आणि "सेवेतून मुक्त". कुणाला आधी पत्र येत नसे की चिठ्ठी. जेवायला घरी आलेला माणूस घास हातात धरून स्वतःचं नाव ऐकायचा. त्यातले काही खरोखर लाचखाऊ होते. काही संपावर गेलेले मास्तर होते. आणि काहींनी काय केलं होतं ते त्यांच्या शेजाऱ्यांनाही कधी कळलं नाही.

रासमानेच्या घरात एक वाजता माग थांबायचा, मुलं गप्प व्हायची आणि तो रेडिओपुढे जमिनीवर बसायचा, पुढे साग्बो निवत पडलेला. फ्रेंच अक्षरांच्या क्रमात ब या अक्षराची नावं सुरुवातीलाच येतात, म्हणून पहिलं मिनिट त्याला सर्वांत जड जायचं. बेलेम आलं नाही की त्याला घाम फुटायचा. त्याच्यामागे घरात नऊ तोंडं होती, आणि अझेताच्या कापडावर त्यातली तीन भागली असती.

"अहो, तुम्ही केलंय काय असं?" अझेता एकदा वैतागून म्हणाली.

"काही नाही."

"मग नाव कशाला येईल?"

"बाबांनी काय केलं होतं?" रासमाने म्हणाला.

क्रांतीच्या चौथ्या वर्षी, उन्हाळा नुकता लागला होता, तेव्हा हाजी गानामे नावाच्या व्यापाऱ्याचा ट्रक मालीच्या बाजूने आला. वर कांद्याची पोती होती. लाझारने एक पोतं हाताने चाचपलं, नाक फेंदारलं आणि खालचा गठ्ठा ओढून काढला. कडेच्या फटीतून हॉलंडचं छापील कापड दिसलं, चकचकीत, जकात बुडवून आणलेलं. हेच कापड आलं की अझेतासारख्या बायकांचा माग बंद पडतो, म्हणून त्याच्यावर सरकारचा डोळा होता. ट्रकवाल्याच्या खासगी चिठ्ठीत कापडाची वीस थानं लिहिलेली होती. रासमानेने पावतीवर चिठ्ठीवरून वीस लिहिले आणि गठ्ठा न सोडता कोठारात टाकला. गठ्ठा सोडायला हवा होता, मोजायला हवा होता. पण परक्या कापडाला हात लावताना कुणी पाहिलं तर, ही धास्ती त्याच्या मनात आली आणि त्याने दोरीची गाठही सोडली नाही.

महिन्याने जप्त माल तपासायला चौकशी समितीचा माणूस आला. गठ्ठा सोडला तर थानं एकोणीस.

त्या संध्याकाळी रासमाने घरी आला तो भिंत धरून. अझेताने पाणी दिलं, तेव्हा त्याने कमी भरलेल्या थानाचं सांगितलं.

"तुम्ही घेतलंत?" तिने हळूच विचारलं.

"तुला वेड लागलंय का?"

"लाझारभावजींनी?"

"लाझार?" इतक्या भीतीतही रासमाने हसला. "तो माझा कोंबडा दिवसाढवळ्या उचलून नेईल आणि वर मलाच रस्सा करायला लावील. चोरायचं त्याला जमत नाही. अकरा वर्षांत कचेरीची टाचणी घरी नेली नाही त्याने."

"मग उद्या हेच सांगा. एवढंच सांगायचं आणि गप्प बसायचं," अझेता म्हणाली.

"हेच सांगीन," रासमाने म्हणाला. रात्रभर तो तेच वाक्य मनात घोकत होता. लाझार तोए प्रामाणिक आहे. लाझार तोए प्रामाणिक आहे. मध्येच वाक्य बदलून रासमाने बेलेम प्रामाणिक आहे असं व्हायचं, आणि तो दचकून पुन्हा सुरुवात करायचा.

चौकशी सकाळी नऊला कचेरीतच झाली. समितीचा माणूस कांबू नावाचा होता, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, किडकिडीत, दक्षिणेकडचा. अंगात हातमागाचा अंगरखा, कडक इस्त्री केलेला. वागायला अगदी सभ्य. त्याने दोघांना समोर बसवलं, स्वतःसाठी रासमानेचं टेबल घेतलं, कागद सरळ केला आणि पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलं.

"कॉम्रेड बेलेम, कोठाराची किल्ली कुणाकडे असते?"

"दोघांकडे," रासमाने म्हणाला. म्हणजे म्हणायला गेला. आवाजच फुटेना. त्याने घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा नुसती हवा बाहेर आली. कांबूने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. निरपराध माणूस असा थरथरत नाही, असं त्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. रासमानेलाही ते दिसलं आणि त्याची थरथर आणखी वाढली. पेन कागदाला टेकलं.

लाझारच्या ते लक्षात आलं. या माणसाला वाचवायचा एकच उपाय त्याला ठाऊक होता आणि तो त्याने केला.

"साहेब, माझ्या गुलामाला काय विचारता?" तो मोठ्याने म्हणाला. "त्याला मालकाच्या परवानगीशिवाय बोलता येत नाही. बोल रे गाढवतोंड्या. सोडला तुझा दोर."

रासमानेच्या छातीवरचा दगड सरकला. रोज सरकायचा तसाच. अंगात ऊब आली, आणि तोंडाने विचार न करता अकरा वर्षांची वाट धरली.

"हा?" तो म्हणाला. "हा चोर आहे, साहेब. याचा बाप चोर, आजा चोर. सामोच्या घरात चोरीचं नसलेलं भांडं सापडायचं नाही. कापड हवंय ना? याच्या घरी जा, कुत्र्याचं डोकं शिजत असेल त्या हंड्याखाली बघा. बायकोला लुगडं, पोरांना चड्ड्या, सगळं हॉलंडचं."

लाझार मांडीवर थाप मारून हसला. दारातला पहारेकरी हसला. कांबूसुद्धा हसला, अगदी पोरासारखा, दात दाखवून. आणि हसता हसता लिहीत राहिला.

मग त्याने ते वाचून दाखवलं. आवाज कोरडा. "कॉम्रेड रासमाने बेलेम निवेदन करतात की कॉम्रेड लाझार तोए यांना चोरीची सवय असून ती त्यांच्या कुटुंबात पूर्वीपासून आहे. गहाळ झालेलं कापड तोए यांच्या घरी असण्याची शक्यता असून घराची झडती घ्यावी असं बेलेम सुचवतात." त्याने कागद फिरवून रासमानेपुढे सरकवला. "इथे सही करा."

खोलीत कुणी हसत नव्हतं.

"साहेब," रासमाने म्हणाला, "ही थट्टा होती. मी मोसी, तो सामो."

"मला कळतं, कॉम्रेड. मी लोबी जमातीचा आहे, आमचं दगारी जमातीशी असंच चालतं. मीही हसलो की." कांबू खरोखर समजुतीने बोलत होता. "पण मी प्रश्न विचारला, तुम्ही उत्तर दिलंत. कागदावर थट्टा लिहायला जागा नसते. आता दोनच रस्ते आहेत. तुम्ही बोललात ते खरं असेल तर याच्यावर सही करा. खोटं असेल तर मी दुसरा कागद घेतो, त्यावर लिहितो की कॉम्रेड बेलेम यांनी चौकशीत खोटं निवेदन केलं. तो तुमच्या नावाने जाईल."

तुमच्या नावाने. रासमानेला पुढचं ऐकू आलं नाही. त्याला दुपारचा एक दिसला, रेडिओ दिसला, निवलेला साग्बो दिसला, आणि ब हे अक्षर. अझेताने सांगितलेलं एकच वाक्य बोलायचं होतं. ते त्याला आठवतही होतं. जिभेवर होतं. लाझार तोए प्रामाणिक आहे. पण दातखीळ बसावी तसे त्याचे जबडे मिटले होते.

लाझारने त्याच्याकडे पाहिलं. अजून त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, थोडं ताणलेलं.

"कर सही, गुलामा," तो म्हणाला. "तुझ्या मालकाचा हुकूम आहे."

आता रासमानेने काय करायचं होतं ते वाहिगुयातल्या कुठल्याही माणसाला विचारा. सामोने हुकूम सोडला, मोसीने तो मोडायचा. पेन खाली फेकायचं, म्हणायचं की तुझ्या हुकमाने माझ्या घरची शेळीसुद्धा उठत नाही, आणि मग जे व्हायचं ते होऊ द्यायचं. लाझारने त्याच्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. तो त्या एका शिवीची वाट पाहत बसला होता.

रासमानेने पेन उचललं आणि सही केली. र मोठा, ब वळणदार, खाली एक रेघ. हात अजिबात थरथरला नाही, हेच त्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

लाझारच्या घराची झडती दुपारीच झाली. हंडा उलटा केला, गाद्या फाडल्या, बायकोच्या पेटीतले कपडे अंगणात पसरून साऱ्या गल्लीने पाहिले. काही सापडलं नाही. समितीची गाडी धूळ उडवत निघून गेली. पुढचे आठ दिवस दोघं समोरासमोर बसत होते. लाझार सकाळी यायचा, टेबलाशी बसायचा, कामाला लागायचा. रासमाने दर सकाळी वाट पाहायचा. नवव्या दिवशी एकच्या बातम्यांत ब येऊन गेला, क गेला, ग गेला. मग रेडिओ म्हणाला, "तोए लाझार, जकात, वाहिगुया. विश्वासास पात्र नसल्यामुळे सेवेतून मुक्त."

रासमानेला पहिल्यांदा काय वाटलं असेल? त्याला हायसं वाटलं. अंगातली सगळी शक्ती सुटून गेल्यासारखं हायसं, की आपण नाही. घासभर साग्बो त्याने तोंडात घातला आणि गिळलासुद्धा. मग त्याने समोर पाहिलं. अझेता त्याच्याकडे बघत होती. ती उठली, मागाशी गेली, पण विणायला बसली नाही. ताण्यावर नुसता हात ठेवून उभी राहिली.

पुढे तीन आठवड्यांनी हाजी गानामे दंड भरायला कचेरीत आला. बोलता बोलता सहज म्हणाला, "वीस कुठली हो? वाटेत कोरो गावी बहिणीकडे उतरलो होतो, एक थान तिला दिलं. तुमच्याकडे एकोणीसच आली." त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

रासमानेने त्या संध्याकाळी समितीला पत्र लिहिलं. आयुष्यात त्याने केलेलं एवढं एकच धाडस. पंधरा दिवसांनी लांबट पाकिटात उत्तर आलं, दोन ओळींचं. प्रकरण आपल्या सहीच्या निवेदनावरून निकाली निघालं आहे. आपण आपलं निवेदन बदलू इच्छिता का, ते कळवावं. खाली मायदेश नाहीतर मरण. रासमानेने ते दहा वेळा वाचलं. कळवलं नाही.

आणि मग एका शुक्रवारी नमाज झाल्यावर तो लाझारकडे गेला. लाझार गावाबाहेर मातीच्या विटा पाडायचं काम करत होता. तिथेच झापाची एक खोली बांधली होती. गुडघ्यापर्यंत चिखलात उभा होता, साच्यात माती थापत. रासमानेच्या हातात पाय बांधलेली कोंबडी होती. लांबूनच त्याने आवाज दिला. बोलावं कसं याचा त्याने वाटभर सराव केला होता.

"काय रे कुत्रेखाऊ? शेवटी गुलामाला साजेसं काम मिळालं म्हणायचं."

लाझारने मान वर केली. साचा खाली ठेवला. बाजूच्या बादलीत हात धुतले, पाय धुतले, दोरीवरचा अंगरखा घालून पुढे आला. अंगरखा अझेताने विणलेलाच होता.

"या बेलेमसाहेब," तो म्हणाला. "उन्हाचे आलात. बसा."

त्याने एकच स्टूल होतं ते पुढे केलं आणि स्वतः उभा राहिला. आत जाऊन भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी आणलं, दोन्ही हातांनी दिलं. मग घरची विचारपूस केली. वहिनी बऱ्या आहेत ना? आईचे गुडघे? मुलांच्या शाळा? एकेकाचं नाव घेऊन, सावकाश, लांबच्या गावाहून आलेल्या पाहुण्याला विचारावं तसं. कुठेही टोमणा नाही, राग नाही.

एवढी भीती रासमानेला रेडिओपुढेही कधी वाटली नव्हती.

"लाझार, तो गानामे आला होता," तो म्हणाला. "एक थान त्याने बहिणीला..."

"हो, ऐकलं मी. बरं झालं, कळलं ते."

"मी पत्र लिहिलं होतं."

"कशाला त्रास घेतलात."

मग रासमानेने एक गोष्ट केली, जी आमच्याकडे कुठल्याही मोसीने सामोपुढे केल्याचं ऐकिवात नाही. तो स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "मी तुझा गुलाम. टोपी तुझ्या आजाची, विकला गेला तो माझा आजा. चोर आम्ही, आमच्या सात पिढ्या चोर. घाल की रे शिवी. एक घाल."

लाझारच्या डोळ्यांत काहीतरी हललं, ओठसुद्धा हलले. मग ते थांबलं.

"असं बोलू नका, साहेब," तो म्हणाला. "तुम्ही शिकलेले, मानाचे. चोर मी आहे. ते सहीशिक्क्याचं आहे."

त्याने कोंबडी मात्र घेतली. मोसीने दिलेलं सामोने नाकारायचं नसतं. घेऊन त्याने आभार मानले.

रासमाने बेलेम पुढे चौदा वर्षं त्याच कचेरीत होता. सरकार बदललं, कापडाचा फतवा गेला, परदेशी कापडाचे ट्रक उघड यायला लागले, अझेताचा माग हळूहळू कोपऱ्यात गेला. त्याचं नाव कुठल्याही यादीत आलं नाही. पेन्शन सुरळीत मिळाली. वाहिगुयात सामोंची वस्ती मोठी आहे, आणि अशा गोष्टी त्यांच्यात घरोघर पोचतात. त्या सहीनंतर एकाही सामोने त्याला गुलाम म्हटलं नाही, गाढवतोंड्या म्हटलं नाही, त्याच्या ताटातला घास उचलला नाही. तो बाजारात आला की सामो म्हाताऱ्यासुद्धा बाजूला होऊन त्याला वाट देतात आणि अदबीने सलाम करतात.